वाकून बघायची बोट

८ जानेवारी २०२५, बुधवार

वाकले! एकूण एक वाकले!

आज माझी हारुसामे, जपानी विनाशिकेचं मॉडेल, पहिल्यांदा मॉडेल बोटींच्या क्लबात नेली. तीन वर्षं जेवणाचं अर्धं टेबल अडवून बसली होती, माझ्या बायकोच्या, नीलमच्या शिव्या खात होती. गाडीत मागच्या सीटवर तिला बेल्ट लावला. धम्मदीपा म्हणाली, मला तरी लहानपणी इतकं जपलं होतंत का? अर्थात हे डचमध्ये. पोरीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघेल तर शपथ.

पेटीची कल्पना माझी. बोट उघड्यावर ठेवली की लोक वरून बघतात, विमानातून बघितल्यासारखे. १९०३ साली कुठली आली विमानं? विनाशिका ही दुसऱ्या बोटीवरून बघायची वस्तू. म्हणून बंद पेटी केली, आत बारीक दिवा, आणि पुढच्या बाजूला फक्त एक आडवी फट. स्टँड मुद्दाम बुटका. कमरेत वाकल्याशिवाय काही दिसत नाही. वाकलं की मात्र समोर पाणी, धुकं, आणि धुक्यातून येणारी ती! कासवाच्या पाठीसारखं पुढचं डेक, चिमण्या, मागे झेंडा.

आमची अध्यक्ष मारयान वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. मग रांग लागली. सहा-सहा फुटांचे डच माझ्यासमोर दुमडत होते. मला चेव चढला. म्हटलं, "वाका, अजून खाली वाका! जपानी आरमारापुढे वाकायचंच असतं!" सगळे खो-खो हसले.

खेरित सोडून. त्यानं कॉफीचा कप अर्धा टाकला, कोट चढवला आणि निघून गेला. बोटीकडे बघितलंसुद्धा नाही!

आता पंचाईत अशी, की या क्लबात एक रीत आहे. बोट नवी आली की सगळ्यात म्हाताऱ्या सभासदानं तिच्यात एक तरी चूक काढायची. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. चूक निघाली की बोट 'पाण्यात उतरली', मग बोटवाल्यानं सगळ्यांना सॉसेज भरलेले पाव खिलवायचे. चूक निघाली नाही तर बोट क्लबची नाही. मार्चमध्ये लायब्ररीतलं प्रदर्शन आहे, तिथंही जायचं नाही. आणि सगळ्यात म्हातारा कोण? तर खेरित. वय शहाऐंशी. आमच्या ब्रेडा गावात त्याच्याइतकी बारीक नजर कुणाची नाही, हे मीही मान्य करतो. म्हणून तर तीन वर्षं त्याच्यासाठीच घासत होतो की!

पाव तसेच परत आणले. धम्मदीपानं चार खाल्ले.

९ जानेवारी

दिवसभर मीटिंगा. एकीतही लक्ष नव्हतं. एक शब्द बोलला असता तर काय झिजला असता म्हातारा?

१५ जानेवारी, बुधवार

आज माझ्या पेटीकडे पाठ करून बसला. मुद्दाम खुर्ची फिरवून. मी जाऊन विचारलं, नीट विचारलं, "खेरित, बोट बघणार ना?" तर मान वर न करता म्हणतो, "इंग्रजांच्या बोटींची नक्कल आहे ती. नकलेत मी काय बघायचं?"

डोक्यात सणक गेली!

हो, आहे नक्कल. जपानच्या स्वतःच्या गोद्यांत बांधलेल्या विनाशिकांची ती पहिलीच जात. त्याआधीच्या सगळ्या इंग्लंडहून विकत आणलेल्या. मग योकोसुका आणि कुरेच्या गोद्यांनी ठरवलं, आता आपण बांधायच्या. दोन इंग्रज कारखान्यांच्या बोटी समोर होत्या, थोडं याचं उचललं, थोडं त्याचं. बॉयलर तर बघून बघूनच केले. ते मूळच्याइतके दमदार निघाले नाहीत, ताकद कमी पडली. पण त्याच बोटी पोर्ट आर्थरला गेल्या, एक तिथंच सुरुंगावर फुटली. त्याच बोटी त्सुशिमाला रशियन आरमारावर चालून गेल्या. आणि पुढच्या खेपेला जपाननं बत्तीस बांधल्या. बत्तीस! घरच्या घरी!

हे सगळं मी त्याला तिथंच ऐकवलं, माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये. म्हातारा पॉलिश पेपर घासत राहिला.

पॉलिटेक्निकला असताना माझी शीट सगळ्यात चांगली आली तेव्हा सरांनी पहिला प्रश्न काय विचारला? "कुणाची कॉपी केलीस?" आमच्या अख्ख्या वस्तीत ड्रॉइंग बोर्ड कुणी बघितला नव्हता. शेजारच्या पोराचा हात कसा फिरतो ते बघत बघत शिकलो. ज्याला नकाशा कुणी देत नाही त्यानं बघूनच शिकायचं असतं! म्हणून तर ही बोट निवडली. बाकी दिमाखदार बोटी काय कमी होत्या?

आणि आता हा म्हातारा. नक्कल म्हणे.

१९ जानेवारी

सकाळी बुटाची नाडी बांधताना कंबर धरली. नीलम म्हणाली, "कुणापुढे वाकायचं नाही, वाकायचं नाही करत आयुष्य गेलं. बाबांनी शिकवलं आणि तुमची कंबर लाकूड झाली." वर हसतेय. माझ्या बाबांचा फोटो भिंतीवर आहे, तेही हसल्यासारखे दिसले. बुद्धापुढे वाक, बाबासाहेबांपुढे वाक, आईच्या पायाशी वाक, बाकी कुणापुढे कंबर मोडायची नाही. बाबांचा नियम. त्यात बूट बसत नाहीत!

२२ जानेवारी, बुधवार

मारयाननं बाजूला घेतलं. हे लोक बाजूला घेतात तेव्हा समजायचं, आता मधात बुडवून काहीतरी कडू देणार. "बिम," मला भीमसेन म्हणायला त्यांची जीभ वळत नाही, "बिम, तुझी बोट अप्रतिम आहे. फक्त तो झेंडा..."

झेंड्याचं काय?

तो सूर्यकिरणांचा जपानी झेंडा, काही लोकांना त्रास होतो, खेरितचं लहानपण जावात गेलं, युद्धात, तुला कल्पना असेलच, तर झेंड्याशिवाय नाही का ठेवता येणार?

मी साफ नाही म्हटलं. बोट १९०३ ची आहे. जपाननं तुमच्या हातून जावा घेतलं १९४२ ला. मधे किती वर्षं गेली ते मोज म्हटलं! खेरितची आईसुद्धा जन्मली नसेल तेव्हा. आरमाराच्या बोटीवर आरमाराचाच झेंडा असतो. उद्या जावात राज्य केलेल्या तुमच्या जुन्या व्यापारी कंपनीच्या गलबतांवरचे झेंडे काढायला सांगू का? तिकडे जावाच्या लोकांना विचारा, त्यांना कुठल्या कुठल्या झेंड्यांचा त्रास झाला ते!

मारयानचं तोंड एवढंसं झालं. चांगलं झालं.

२९ जानेवारी, बुधवार

गेलो नाही. घरी बसून चरफडलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

जाऊन बघतो तर पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली! वर्गात शिक्षा केलेल्या पोरासारखी!

"कुणी केलं हे?" तर खेरित शांतपणे, "मी." का? तर म्हणे, येता-जाता लोक वाकून बघतात ते मला बघवत नाही. बघवत नाही तर बघू नकोस! मी आवाज चढवला, त्यानंही चढवला. एवढ्या वयाच्या माणसाचा आवाज एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. मारयान दोघांच्या मधे उभी. बाकीचे आपापल्या शिडांचे दोरे ओवायला लागले, जसे काही जन्मात पहिल्यांदाच दोरे दिसले. तोंडावर खरं बोलण्याचा तोरा मिरवतात ना हे लोक? मग बोला की!

पेटी घरी आणली. नीलमनं टेबलावरची ताटं सरकवली.

६ फेब्रुवारी

म्हातारचळ! दुसरं काही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पेटी पुन्हा क्लबात नेली आणि काढला झेंडा. सगळ्यांसमोर. पेटीचं झाकण उघडलं, चिमटा घातला आणि काठीसकट उपटला. "घ्या! झालं समाधान?" पाकिटात कोंबला. मागचं डेक भुंडं दिसतंय, कुंकू पुसल्यासारखं. पण म्हटलं, आता बोलायला जागा ठेवायची नाही कुणाला.

मारयान टाळ्या वाजवायला लागली. आणि खेरित? कोट घातला. गेला!

म्हणजे झेंडाही नाही. मग काय दुखतंय त्याचं? मी? माझा रंग? तसं असेल तर स्पष्ट सांगू दे, मीही काय ते स्पष्ट सांगतो. वीस वर्षं आहे या देशात, असल्या शांत नकारांची मला सवय आहे.

२० फेब्रुवारी

आज सापडलं! मारयाननं फोन करून सांगितलं, खेरितचे वडील म्हणे आरमारात होते, जावाच्या समुद्रात डच बोटी बुडाल्या त्यात गेले असावेत. मी पुस्तकं काढली. जावाच्या लढाईतल्या जपानी विनाशिकांची नावं वाचत गेलो. आणि तिथं चक्क हारुसामे!

ती दुसरी हारुसामे. नंतरची, मोठी, नाव तेवढं तेच. माझी बिचारी १९११ लाच खडकावर आपटून संपली. तिनं डच माणूस बघितलासुद्धा नसेल. पण पेटीवर मी पितळी पट्टी लावलीय ना नावाची! म्हाताऱ्यानं ती लांबूनच वाचली असणार.

अडाणी तो अडाणी! आजोबाचं नाव नातवाला ठेवलं आणि नातू गुंड निघाला तर आजोबाला फाशी देणार का? भेटू दे. समजावून सांगतो. नाही, समजावून नाही, ठणकावून सांगतो.

२७ फेब्रुवारी

आज त्या लढाईचा स्मृतिदिन. द हेगला चर्चमध्ये कार्यक्रम असतो. खेरित नक्की गेला असेल म्हणून क्लबातल्या एकाला फोन केला. तर तो म्हणे, कुठे! आज सकाळी बाजारात हेरिंग मासे खात उभा होता.

हे काय गौडबंगाल आहे?

२ मार्च

ब्रेडात कार्निव्हल. अख्खं गाव कोंबड्या आणि पाद्री होऊन रस्त्यावर नाचतंय. दुधासाठी बाहेर पडलो तर एका भल्यामोठ्या गाजरानं मला मिठी मारली. या गावात माझ्याशी प्रेमानं वागणारं एवढंच कोणीतरी.

८ मार्च, शनिवार

गेलो त्याच्या घरी. बोलावलं नसताना! डच लोकांच्या घरी न सांगता जाणं म्हणजे पापच, पण मराठी माणूस आणखी किती दिवस वाट बघणार? धम्मदीपाला सोबत नेलं. म्हटलं, रागात माझं डच पळून जातं, तू असशील तर एकही शब्द खाली पडणार नाही. ती म्हणाली, "पाप, डू नॉरमाल." बाबा, जरा नीट वाग. बापाला पाप म्हणतात इथं, आणि आज नाव शोभलं.

बेल वाजवली. दाराला बाहेरचा माणूस बघायचं भोक असतं ना, ते खेरितनं स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला पाडलंय. माझ्या टाळूच्या वर चार बोटं. त्याला बहुतेक नुसतं माझं टक्कलच दिसलं असेल. तरी दार उघडलं.

मी उभ्या उभ्याच सुरू केलं. झेंडा काढला. नाव तेच असलं तरी बोट ती नव्हे. तुमचे वडील गेले त्याचं वाईट वाटतं, पण त्यात माझ्या बोटीचा काय दोष? धम्मदीपा भराभर डचमध्ये सांगत होती. माझ्यापेक्षा बरंच सौम्य सांगत असावी.

खेरित ऐकून घेत होता. मग म्हणाला, "माझे वडील साखर कारखान्यात कारकून होते. बोट लागायची त्यांना. हे आरमाराचं कुणी सांगितलं, मारयाननं?"

मी मान डोलावली.

"झेंडा म्हणजे कापड," तो म्हणाला. "नाव म्हणजे नाव. नक्कल म्हटलं ते तुला लागावं म्हणून म्हटलं. लागलं, चांगलं झालं."

मग का?

तेव्हा तो सांगायला लागला. माझ्याकडे न बघता, धम्मदीपाकडे बघून. तो चार वर्षांचा असताना त्याला आणि आईला जपान्यांनी छावणीत टाकलं. रोज सकाळी हजेरी. सगळ्या बायका-पोरांना उन्हात उभं करायचे. हुकूम झाला की कमरेत वाकायचं. किती खाली वाकायचं तेही ठरलेलं, आणि पुढचा हुकूम होईपर्यंत तसंच राहायचं. लहान पोरांनासुद्धा. एकदा त्याला पायावर मुंगी चावली म्हणून तो मधेच सरळ झाला. त्याला कुणी काही केलं नाही. त्याच्या आईला मारलं. त्याच्यासमोर, ती वाकलेली असतानाच. शिपाई ओरडत होता, अजून खाली, अजून खाली.

"तिनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही," खेरित म्हणाला. "सुटून आल्यावर मी ठरवलं, आता वाकायचं नाही. चर्चमध्ये नाही, राणी आली होती तेव्हा नाही. बूटसुद्धा खुर्चीत बसून पाय वर घेऊन घालतो. आणि तू त्या दिवशी म्हणालास..."

पुढचं त्यानं सांगितलं नाही. गरज नव्हती. वाका, अजून खाली वाका. मीच म्हणालो होतो. हसत हसत.

"तुझी बोट चांगली की वाईट, मला माहीत नाही," खेरित म्हणाला. "मी ती बघितलेलीच नाही. वाकल्याशिवाय दिसत नाही ना ती."

त्यानं चहा विचारला नाही. आम्हीही थांबलो नाही. गाडीत धम्मदीपा खिडकीबाहेर बघत होती. घर आलं तेव्हा म्हणाली, मराठीत म्हणाली, "बाबा, आजोबांचे बाबा पण असेच होते ना?"

९ मार्च

तिला हे कुणी सांगितलं? नीलमनं सांगितलं असणार.

हो, असेच होते. बाबांचे वडील गावचे येसकर. पाटलाच्या दारात उभं राहायचं, कमरेत वाकायचं, हात जमिनीकडे न्यायचे आणि "जोहार मायबाप" म्हणायचं. वर बघायचं नाही. आत कोण उभं आहे ते आयुष्यभर त्यांनी पायांवरून ओळखलं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी पाटलाच्या दारात ताठ उभे राहिले. मार खाल्ला. तरी पुन्हा वाकले नाहीत. बाबांनी हे त्या दाराबाहेर उभं राहून बघितलं होतं, लहानपणी. नियम तिथून आला.

त्या माणसाचा मी नातू. आणि मी पेटी कसली केली, तर वाकल्याशिवाय दिसणार नाही अशी! वर अभिमानानं सांगतोय, सगळ्यांना वाकवलं म्हणून!

लाज वाटते. खूप लाज वाटते. खेरितचा रागही येतो अजून, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण बाबांनी तरी आम्हाला कुठे पहिल्या दिवशी सांगितलं. मी कॉलेजात गेल्यावर सांगितलं, तेही एकदाच.

१५ मार्च, शनिवार

स्टँडचे पाय कापून टाकले. नवे लावले, लांब. उंची कुणाला विचारायची गरज पडली नाही. माझ्या टाळूच्या वर चार बोटं. खेरितच्या दाराचं भोक.

फट आता इतकी उंच गेलीय की माझी बोट मलाच दिसत नाही. स्टूल घेऊन चढावं लागतं. नीलम कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "तीन वर्षं राबलात आणि शेवटी स्वतःलाच बघता येणार नाही असं करून ठेवलंत." मग तीही स्टुलावर चढली. बराच वेळ चढून होती. या तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं ती नीट बघितली.

१६ मार्च

पाकिटात झेंडा सापडला. किरणं जराशी चुरगळलीत. लावू का परत? चिमटा हातात घेतला होता. नको. खेरितला काय काय बघावं लागलंय, त्यात आणखी हे कशाला? राहू दे भुंडी. प्रदर्शनालाही नेली नाही तरी चालेल.

१९ मार्च, बुधवार

खेरित आला. मारयाननं दिवा लावला.

पेटीसमोर ताठ उभा राहिला. चष्मा पुसला, घातला, आणि बघायला लागला. खूप वेळ. मी शेजारी स्टूल हातात धरून उभा.

मग खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक आहे. झेंडा लावलेला नाही."